भिजलेल्या काड्या

देवरूख, १२ फेब्रुवारी २०२४

ती. रामराव भाऊजींना नंदाचा नमस्कार.

फोन केला तर तुम्ही ‘हॅलो, हॅलो’ करून ठेवून देता. ताईच्या हातात दिलात तर ती मला विचारते, कोण बोलतंय. तुमचे कान फॅक्टरीत गेले, तिची आठवण वयाने नेली. म्हणून हे पत्र. सख्खी बहीण आणि मेहुणा असून वीस रुपयांचं पाकीट मध्ये घालावं लागतंय.

काम आहे, सरळ सांगते. आमच्या वाचनालयाचं जूनमधलं प्रदर्शन माझ्या गळ्यात पडलंय. आयुष्यभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलेली बाई निवृत्त झाली की ती रिकामीच बसलेली असते, असा गावाचा समज आहे. मी विषय सुचवला, ‘जाहिरातीच्या काडेपेट्या’. सगळे हसले. मी म्हटलं, वर्तमानपत्र ज्या घरात जात नव्हतं त्या घरातही काडेपेटी जात होती. देशाने स्वतःबद्दल काय काय सांगितलं ते तिच्या वरच्या चिटोऱ्यावर बघा. मग मान्य केलं.

आता तोंड वर करून बोलले खरी, पण माझ्याकडे देवघरातली एक आणि गॅसजवळची एक, एवढाच संग्रह. तुमचं कपाट मला माहीत आहे. निवडक पाठवाल का? महिन्याभरासाठी. जिवापाड जपेन.

ताई कशी आहे ते लिहा. खरं लिहा, बरी आहे असं लिहू नका.

तुमची,
नंदा

.

गोरखपुर मोहल्ला, जबलपुर
२६ फेब्रुवारी २०२४

प्रिय नंदा,

तू खरं लिहा म्हणालीस म्हणून लिहितो. शैला परवा मला म्हणाली, ‘अहो, आपले मालक कधी येतात घरी?’ मी म्हटलं, येतीलच. दिवसभर ती माझीच वाट पाहते आणि मी समोर बसलेला असतो. किडनीही जरा अधू झाली आहे, गोळ्या वाढल्या आहेत. गोळ्या, आंघोळ, जेवण सगळं फूलवती बघते. ती मझौलीची बाई, इथे तीन घरी काम करते. तिचा आवाज एवढा दणदणीत आहे की मलाही ऐकू येतो. हा तिचा पहिला गुण. दुसरा असा की शैला तिच्याजवळ रडत नाही.

माचिसींचं म्हणशील तर (तुझ्या ‘काडेपेट्या’ तुझ्याजवळ ठेव) मला आनंद झाला. आजवर हे कपाट कोणी मागितलं नव्हतं. गौरांग बंगलोरहून येतो तेव्हा विचारतो, बाबा, हे सगळं काढायचं कधी?

तुला हे कसं जमलं ते कधी सांगितलं नसेल. दारूगोळ्याच्या फॅक्टरीत शिरताना गेटवर दरबान खिसे उलटे करायला लावायचा. बिडी, माचिस, लायटर, सगळं बाहेर. चुकून आलेल्या पेट्या एका लाकडी खोक्यात पडायच्या आणि लाजेखातर कोणी परत मागायचं नाही. मी बिडी ओढत नव्हतो. मी खोक्यातल्या पेट्यांवरची चित्रं बघायचो. जबलपुर म्हणजे बिडीचं गाव, इथल्या प्रत्येक कारखानदाराची आपली छाप असायची. पण पहिली माचिस मात्र शैलाने दिलेली. लग्नानंतर पचमढीला गेलो तेव्हाच्या हॉटेलची, पुस्तकासारखी उघडणारी. एक काडी तिने वीज गेल्यावर मेणबत्तीला ओढली, बाकीच्या अजून आत आहेत.

अडचण पोस्टाची आहे. काल मी पार्सल घेऊन गेलो. बाबूने विचारलं, इसमें क्या है? मी म्हटलं, माचिस. तो म्हणाला, ‘बाबूजी, माचिस नहीं जाती. आप पुस्तकें लिख दो न, कौन देखता है.’ मी पार्सल परत आणलं. जन्मभर माल तपासून सही करणारा माणूस मी. जे आत आहे तेच बाहेर लिहिलं पाहिजे. तूच मार्ग सांग.

रामराव

.

देवरूख, ८ मार्च २०२४

ती. भाऊजी,

तुमचा मार्ग सोपा आहे. काड्या काढून टाका. प्रदर्शनाला चित्रं हवीत, काड्यांना कोण विचारतो? रिकामी कव्हरं पोस्टवाले मुकाट्याने घेतील आणि तुम्हाला खोटंही लिहावं लागणार नाही. हरिश्चंद्राच्या सत्त्वाला धक्का न लावता तारामतीची सोय.

संग्राहक लोक काड्यांसकट ठेवतात, मोल त्यातच असतं, हे मला माहीत आहे. तुमचा जीव वर-खाली होईल. पण मोल करायला तरी पुढे कोण बसलंय, भाऊजी? गौरांग कपाट रद्दीत देईल. त्यापेक्षा चार माणसांनी पाहिलेलं बरं.

कुरियरने कोकमाचं आगळ पाठवलंय, मोठी बाटली. ताईला लहानपणी कोकम माहीतही नव्हतं, माझ्या लग्नानंतर इथे आली आणि वेडी झाली. पाण्यात घालून, वरून साखर. आगळ खारं असतं, साखर विसरू नका. काही आठवत नसलं तरी जिभेला आठवेल.

नंदा

.

गोरखपुर, २४ मार्च २०२४

प्रिय नंदा,

जिभेला आठवलं. पहिला पेला घेऊन ती म्हणाली, ‘नंदीकडचं आहे.’ तुझं नाव घेतलं! फूलवती धावत मला सांगायला आली. मी न्हाणीघरात जाऊन तोंड धुऊन आलो. आता शैलाला दिवसातून चारदा सरबत लागतं.

पहिली खेप आज पाठवतो आहे. पुस्तकासारख्या उघडणाऱ्यांत काड्या तळाशी पिनेने धरलेल्या असतात. मी पिन चिमट्याने सरळ करून काढतो, कव्हरला सुरकुती पडू देत नाही. निघालेल्या काड्या कचऱ्यात टाकल्या तर गाडीत कधी भडकतील नेम नाही. आमच्याकडे नियम होता, जे पेटू शकतं ते आधी भिजवायचं. फोरमन म्हणायचा, ‘गीला माल, सेफ माल.’ तेव्हा मी पाणी प्यायच्या काचेच्या मोठ्या जगात भिजवतो. काचेच्याच, कारण काडीच्या टोकाचा गुल पुरता विरघळलेला डोळ्यांनी दिसला पाहिजे. दुसऱ्या दिवशी काड्या उपसतो, गाळ खाली बसू देतो, संध्याकाळी वरचं पाणी मोरीत आणि गाळ बागेतल्या खड्ड्यात. तोवर जग जेवणाच्या टेबलावर खिडकीशी असतो. पाणी लालभडक होतं. शैला विचारत होती, ‘अहो, सरबत काहून लपवून राहिले तुम्ही?’ मी तिला खरं सरबत करून दिलं.

पेट्यांबद्दल थोडं. हत्ती आणि वाघ असलेल्या जुन्या, परदेशात छापून आलेल्या आहेत. इंग्रजांच्या राज्यात आपला हत्ती आपल्याला बाहेरून यायचा. मग शिवकाशीच्या, त्यात झेंडे, धरणं, ट्रॅक्टर, जवान. लाल त्रिकोणाच्या वेगळ्या बांधल्या आहेत, त्यावर आईबाप आणि दोन हसरी मुलं. बिडी शिलगावताना सरकार माणसाच्या अंथरुणापर्यंत पोचत होतं. एक सिनेमाघराच्या उद्घाटनाची आहे, ते पाडून आता तिथे मोटारी लावतात. डमरू छाप बिडीच्या तर एवढ्या आहेत की सगळ्या काढायला दिवस लागेल. त्या नंतर.

रामराव

.

देवरूख, ५ एप्रिल २०२४

ती. भाऊजी,

पार्सल पोचलं. टेबलभर पसरून बसले आणि आमटी करपली. त्या ट्रॅक्टरवरच्या बाईचं हसू बघितलंत का? असं हसत ट्रॅक्टर चालवणारी बाई मी तरी पाहिली नाही, पण ज्याने चित्र काढलं त्याला ती होईल अशी खात्री होती. मला भरून आलं.

तुमचा तो जग मी डोळ्यांसमोर आणला आणि एकटीच हसले. एवढा खटाटोप करून, गाळ बसवून, लाल पाणी गाळणारे तुम्हीच. माझ्या आगळाला जबलपुरात जोडीदार मिळाला म्हणायचा! ताईला सांगा, हे भाऊजींचं सरबत, याला साखर लागत नाही.

आता हावरटपणा करते. डमरू छाप सगळ्या पाठवा, एकदम. भिंतभर लावते. आणि पचमढीची ती पहिलीही द्या. तिच्याखाली लिहीन, ‘सौ. शैलजा यांच्याकडून’. संग्रह तुमचा असला तरी सुरुवात तिची, हे कुठेतरी लिहिलेलं असावं.

पाय जिन्यावर मुरगळला आणि हाडाला चीर निघाली. प्लास्टर आहे. काळजी नको.

नंदा

.

गोरखपुर, ९ मे २०२४

नंदा,

गौरांगने फोनवर तुला सांगितलंच. प्लास्टरमुळे तुला येता आलं नाही, याचं वाईट वाटून घेऊ नकोस. येऊनही ती सापडली नसती. अस्थी ग्वारीघाटला नर्मदेत सोडल्या. तेरावा झाला. आज पहिल्यांदा टेबलाशी बसलो आहे.

तुला सगळं नीट कळायला हवं म्हणून क्रमाने लिहितो.

रामनवमीच्या दिवशी मी डमरू छाप सगळ्या उघडल्या. पचमढीची शेवटी. शैला शेजारी बसून बघत होती. तिला ती ओळखू आली नाही. मी काड्या तोडून जगात टाकल्या तेव्हा मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी काड्या उपसल्या आणि दुपारी तुझं पार्सल घेऊन पोस्टात गेलो. रांग होती. परत आलो तर शैला पलंगावर वाकडी, उलट्या करून राहिली होती. फूलवती पाठीवरून हात फिरवत होती. म्हणाली, ‘शरबत पिया, फिर लेट गईं, फिर एकदम से शुरू हो गया.’ साखरेचा डबा उघडा, ओट्यावर मुंग्या. जग मात्र तिने घासून पालथा घातला होता, एवढ्या गडबडीतही. मला तेव्हा त्याचं कौतुक वाटलं.

ओठ निळे पडले होते. सिविल लाइंसमधल्या दवाखान्यात नेलं. रक्त काढलं ते मी पाहिलं, चॉकलेटी होतं. असं रक्त असतं का? डॉक्टर चांगले होते. मोठ्याने बोलून, कागदावर लिहून त्यांनी मला विचारलं, घरात काही रसायन, काही विषारी, हाताला लागेल असं? मी म्हटलं, नाही. फिनाईलसुद्धा कुलपात असतं. हे अगदी खरं आहे. मग ते म्हणाले, बहुधा एखाद्या गोळीचा परिणाम. किडनी बंद पडली. तिसऱ्या दिवशी पहाटे गेली. शेवटी मला ‘भैया, पाणी’ म्हणाली. मी दिलं.

घरात फार शांत आहे. मला तर तशीही शांतताच असते, पण ही दिसते.

रामराव

.

देवरूख, २० मे २०२४

ती. भाऊजी,

काय लिहू? तुम्ही तिची केली तशी सेवा कोणी करत नाही. हे मनात धरून राहा.

प्रदर्शन पुढे ढकललंय. आता आणखी काही पाठवू नका. काड्या काढणं, भिजवणं सगळं थांबवा. हे माझं ऐका.

एक विचारायचं होतं, सहजच. मी पाठवलेल्या आगळाची बाटली कधी संपली? आणि त्या दिवशी जगातलं पाणी तुम्ही पोस्टात जाण्याआधी ओतून दिलं होतंत ना?

जेवत जा.

नंदा

.

गोरखपुर, २ जून २०२४

प्रिय नंदा,

तुझे प्रश्न असे की मी क्षणभर परत ड्यूटीवर आहे असं वाटलं. उत्तरं देतो. आगळ पाडव्यालाच संपलं होतं. दुसरी बाटली मागणार होतो, संकोच वाटला. त्या दिवशीचं सरबत बहुधा लिंबाचं, फूलवतीने केलं असेल. जगातलं पाणी मी ओतलं नव्हतं, गाळ बसायचा होता. तिनेच ओतलं. का विचारलंस?

आता इथलं. गौरांग आला आहे. त्याने आईच्या गोळ्यांची डबी बघितली. दुपारची गोळी आत तशीच होती. तो म्हणाला, बाबा, डॉक्टर म्हणतात गोळीचा परिणाम, आणि दुपारची गोळी तर दिलेलीच नाही. मग बाईने दिलं काय? मी आधी मानलं नाही. मग मला एक एक आठवायला लागलं. सरबताचं तिने दवाखान्यात कोणाला सांगितलं नाही. भांडी एवढ्या घाईने का घासली? तपासणाऱ्याला असं दिसलं की डोळेझाक करता येत नाही.

मी तिला समोर बसवून विचारलं. ती म्हणाली, ‘हमने कुछ नहीं किया बाबूजी, अम्माजी की कसम.’ मी म्हटलं, उद्यापासून येऊ नको. मी रागावलो होतो, नंदा, मला तो राग बरा वाटला. इतके दिवस कोणावर रागवावं हेच कळत नव्हतं. बाकीच्या दोन्ही घरांनीही तिला काढलं. ती मझौलीला निघून गेली. आपली चूक नसेल तर माणूस निघून जातो का?

गौरांग वकिलाशी बोलला आहे. येत्या आठवड्यात ठाण्यात तक्रार देतो म्हणतो. मी सही करणार आहे.

रामराव

.

देवरूख, १० जून २०२४

भाऊजी,

सही करू नका. गौरांगला मी फोन करून एवढंच सांगितलंय की माझं पत्र येईपर्यंत थांब. बाकीचं तुम्हाला आधी कळायला हवं.

फूलवतीने चुकीची गोळी दिलेली नाही. ताई काड्यांच्या पाण्याने गेली.

गुलात जो क्षार असतो तो आगीला प्राणवायू पुरवतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तोच पोटात गेला की रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद मारतो. रक्त चॉकलेटी होतं, ओठ निळे पडतात, मग किडनी थांबते. ताईची आधीच अधू होती. एखाददुसऱ्या काडीने काही होत नाही. पण तुम्ही त्या दिवशी डमरू छाप सगळ्या एकदम भिजवल्या होत्या. एकदम पाठवा म्हणून मीच लिहिलं होतं.

तुमचं मेचं पत्र वाचलं तेव्हाच मला कळलं. तरी मी ते भोचक प्रश्न लिहिले, कारण वाटत होतं की तुम्ही लिहाल, छे, पाणी मी सकाळीच ओतलं होतं. तुम्ही तसं लिहिलं असतं तर मी डोळे मिटून विश्वास ठेवला असता. आणि तसं नसतंच तर हे मी माझ्याबरोबर नेणार होते. तुम्हाला कधीच कळू देणार नव्हते. पण तुमच्या सहीने एका बाईचा संसार उठणार असेल तर मला गप्प बसता येत नाही.

तुम्ही मार्चमध्येच लिहिलं होतंत, ताईला ते सरबत वाटतं. चार ओळींत मला सगळं दिसत होतं: काचेचा जग, लाल पाणी, न आठवणारी बाई. जन्मभर पोरांना ‘प्रयोगशाळेतलं काही तोंडात घालू नका’ सांगणारी मी. एक ओळ लिहायची होती, ‘भाऊजी, जग वरती ठेवा.’ मी विनोद लिहिला. याला साखर लागत नाही, असं लिहिलं. तो कागद तुमच्याकडे असेल. जाळून टाका किंवा ठेवा, मला काही म्हणायचा अधिकार नाही.

माझ्यावर रागवा. मनापासून सांगते, रागवा.

नंदा

.

गोरखपुर, २९ जून २०२४

नंदा,

तुझं पत्र येऊन दोन आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला, कारण आधी कामं उरकायची होती.

पहिलं गौरांगचं. तो थांबला होता. तुझं पत्र मी त्याच्या हातात दिलं. त्याने वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि बाहेर जाऊन उभा राहिला. तक्रार दिली नाही. बंगलोरला परत गेला. रोज संध्याकाळी मोबाइलवर मजकूर येतो, ‘जेवलात का’. मी ‘हो’ लिहितो.

आगीचं आम्हाला सगळं शिकवलं होतं. ओलं झालं की भीती संपली, हे हाडात मुरलं होतं. पोटाचं कोणी शिकवलं नाही. ही सबब म्हणून लिहीत नाही. डॉक्टर समोर कागद धरून विचारत होते, काही रसायन? आणि मी छातीठोक नाही म्हटलं. तेव्हा हो म्हटलं असतं तर कदाचित त्यांच्या हाती काही इलाज असता. तू मला ते लिहिलं नाहीस. मला ते उमजलं आहे. तुझ्यावर रागवायला मी बसलो होतो, रागावता आलं नाही. तू विनोद केलास तेव्हा मीही हसलो होतो.

दुसरं काम फूलवतीचं. काल बसने मझौलीला गेलो. बाजारामागे घर आहे, विचारत विचारत सापडलं. मी ठरवून गेलो होतो: सगळं जसं घडलं तसं सांगायचं, तिच्या दारात, शेजाऱ्यांसमोर, आणि हात जोडायचे. ती मला बघून घाबरली. मग तिने खाट टाकली आणि बेलाचं सरबत आणून दिलं. मी पेला धरून बसलो. मी तोंड उघडायच्या आत तीच बोलायला लागली. मला ऐकू यावं म्हणून मोठ्याने, तिच्या सवयीने. आजूबाजूच्या बायका दाराशी आल्या.

‘बाबूजी, हमने गोली नहीं दी उस दिन, ये सच है. अम्माजी ने थूक दी थी, हमने डिब्बी में वापस रख दी. बस इतनी गलती है. जग मेज पे धूप में पड़ा था, हमने सोचा नंदा दीदी वाला शरबत आपने बना के रखा है. हमने छान के फ्रिज में रख दिया, ठंडा हो जाए. अम्माजी बोलीं खारा लग रहा है. तो हमने चीनी डाल के दिया. दो गिलास पिया, बाबूजी. बहुत दिन बाद मन से पिया.’

तिचे डोळे माझ्या तोंडावर होते. म्हणाली, ‘उसमें कुछ खराबी थी क्या?’

नंदा, जे आत आहे तेच बाहेर लिहायचं, हे मी तुला फेब्रुवारीत मोठ्या ऐटीत कळवलं होतं. पोस्टातल्या बाबूला मी माचिसचं पुस्तक करू दिलं नव्हतं. ती बाई माझ्यासमोर पदराचं टोक मुठीत धरून उभी होती. तिने स्वतःच्या हाताने गाळलं, थंड केलं, साखर घातली, पेला तोंडाशी धरला. प्रेमाने.

मी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, ‘नहीं. कोकम ही था. अम्माजी की किडनी खराब थी, उसी से गईं. गलती हमारी है जो तुम पर शक किया.’

ती रडायला लागली. बायकाही बोलायला लागल्या, मला ऐकू आलं नाही, पण त्यांचे चेहरे सैल झाले ते दिसलं. मग तिने डोळे पुसले आणि माझ्या हाताकडे बघून म्हणाली, ‘पियो न बाबूजी, गरम हो जाएगा.’ मी प्यालो. पूर्ण पेला प्यालो.

सोमवारपासून ती कामावर येईल. मी नको म्हणू शकलो नाही. रोज ती स्वयंपाकघरात शैलाबद्दल बोलेल आणि मी ऐकेन. हे आता तुझ्या माझ्यात आणि गौरांगमध्ये राहू दे. त्याला मी तसं लिहिलं आहे.

प्रदर्शन करायचं तर कर. बाकीचं सगळं तिकडेच ठेवून घे, मला परत नको. फक्त पचमढीची तेवढी परत पाठव. तिच्यात आता काही नाही, पोस्टवाले अडवणार नाहीत.

रामराव